एक्स्टेंडर उशाशी असूनही आयफोन पुढच्या खोलीतल्या राऊटरलाच का चिकटून राहतो?

तुमचे प्रश्न दोन: गिरगावातल्या लांबट घरात मागच्या खोलीत एक्स्टेंडर (राऊटरचा सिग्नल पकडून पुढे पोचवणारी डबी) लावूनही आयफोन पुढचा राऊटर सोडत नाही, आणि लोकल स्टेशनात शिरली की फोन नको त्या वायफायला जाऊन जोडतो.

कुणाला जोडायचं हे फोन ठरवतो. राऊटर फार तर सुचवू शकतो. आणि हातातलं चालू कनेक्शन सोडायला फोन भारी नाखूश असतो. सिग्नल डीबीएममध्ये, उणे आकड्यांत मोजतात. उणे 50 म्हणजे झकास, उणे 80 म्हणजे रडतखडत. ॲपलच्याच माहितीनुसार सिग्नल उणे 70 च्या खाली घसरल्याशिवाय आयफोन दुसरा सिग्नल शोधायलाच लागत नाही. शोधला तरी तो आधीच्यापेक्षा किमान 8 डेसिबलने सरस हवा, आणि फोन नुसता पडून असेल तर 12 ने. म्हणजे मागच्या खोलीत राऊटर उणे 66 ने पोचत असेल, तर एक्स्टेंडर उणे 40 ने कितीही बोंबलू दे, फोन ढुंकून बघणार नाही.

तेही दोघांच्या वायफायचं नाव एकच असेल तर. एक्स्टेंडरच्या नावापुढे ‘ईएक्सटी’ असेल तर फोनच्या लेखी ते वेगळंच नेटवर्क. पहिलं पार तुटेपर्यंत तो हलत नाही. नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार, तिन्ही सारखे ठेवा. मग राऊटरच्या सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर (सिग्नल किती जोरात सोडायचा ते) ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा. उलटं वाटेल, पण राऊटर मागे कमी पोचला की फोन त्याला लवकर सोडतो. खरं सांगू? दोन खोल्यांच्या घरात मी एक्स्टेंडर लावलाच नसता. स्वस्तातले एक्स्टेंडर एकाच रेडिओवर घेतात आणि देतात, त्यात निम्मा वेग जातो. वायर ओढून राऊटर मधल्या दारापाशी आणता आला तर तेच करा.

स्टेशनचं म्हणाल तर ते नेटवर्क तुम्ही कधीतरी जोडून ठेवलेलं आहे. मुंबई सेंट्रलला जानेवारी 2016 मध्ये रेलटेल (रेल्वेची दूरसंचार कंपनी) आणि गूगलचं फुकट वायफाय आलं, मग इतर स्टेशनांवरही. फोन जागा ओळखत नाही, नाव ओळखतो. त्यामुळे तेच नाव दुसऱ्या स्टेशनात दिसलं की चालत्या गाडीतून अर्धामुर्धा सिग्नल धरायला जातो आणि चालू कॉल अडकतो. त्या नेटवर्कचं ऑटो-जॉइन (आपोआप जोडणं) बंद करा, किंवा सरळ ‘फर्गेट’ करा. मी फर्गेटच करतो, कारण बिनपासवर्डचं तेच नाव लावून कुणीही हॉटस्पॉट उघडू शकतो आणि फोनला फरक कळत नाही.