शेतावर लाईट नाही, वेल्डिंगचं वर्कशॉप टाकतोय. एआरसी २०० मशीन ५ केव्हीएच्या पेट्रोल जनरेटरवर चालेल का, की सरळ १५ केव्हीए डिझेल घेऊ?

दादा, मी चांदवड-येवला भागात कांदाचाळी, शेळ्यांचे शेड, गेट असली कामं करतो आणि त्यातली बरीचशी अशाच जागी असतात जिथे पोल तर दिसतो पण लाईट असेलच असं नाही, त्यामुळे जनरेटरवर वेल्डिंग हे माझं रोजचंच आहे. तुम्ही विचारलंय ५ की १५, पण त्याआधी दोन गोष्टी बघा. रॉड कुठला जाळणार, आणि जनरेटरच्या एका फेजवर किती अँपिअर मिळतात. नुसत्या केव्हीएच्या, म्हणजे जनरेटरच्या एकूण ताकदीच्या, आकड्यावर घेतला तर पैसे जाऊनही काम अडणार.

आधी रॉडचं बघू. १२ नंबरचा म्हणजे अडीच एमएमचा रॉड ८० अँपिअरवर छान चालतो, तेव्हा आयजीबीटी मशीन (तुमचं एआरसी २०० याच हलक्या इन्व्हर्टर प्रकारातलं) जनरेटरकडून साधारण सव्वातीन केव्हीए घेतं, म्हणजे १४ अँपिअरच्या आसपास. १० नंबरला, म्हणजे ३.१५ एमएमच्या रॉडला, १००-११० लागतात, तिथे हाच आकडा पावणेपाच केव्हीएवर जातो, २० अँपिअर. तुम्ही म्हणाल आर्कवर तर पावणेतीन किलोवॅटच लागतात मग बाकीचं जातं कुठे, तर थोडं मशीनमध्ये गरम होण्यात जातं आणि मुख्य म्हणजे या स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपासच असतो, ते करंट सलग न घेता झटक्याझटक्याने ओढतं. वर हॉट स्टार्ट, म्हणजे आर्क पटकन लागावी म्हणून मशीन सुरुवातीला जादा करंट देतं ती सोय, असलं की रॉड टेकवतानाच्या क्षणाला अजून जास्त.

म्हणून ५ केव्हीए पेट्रोलवर १२ नंबरचा रॉड आरामात चालेल, खिडक्या, ग्रिल, पातळ पाईप सगळं होईल. १० नंबर जळेल पण जनरेटर शेवटच्या टोकाला असेल, आणि बऱ्याच छोट्या पेट्रोल जनरेटरवर ठळक लिहिलेला आकडा मॅक्झिममचा असतो, सलग द्यायचा त्याहून कमी असतो, तो बारीक अक्षरात प्लेटवर सापडतो. अँगलचं, चॅनलचं काम रोज करायचं असेल तर ५ घेऊ नका.

आता १५ चं ऐका, कारण इथे खूप जण फसतात. १५ केव्हीए डिझेल बहुतेक वेळा थ्री फेज म्हणून गळ्यात मारतात. थ्री फेज म्हणजे ते १५ तीन फेजमध्ये वाटले गेले, एका फेजला आले ५, म्हणजे जेमतेम २१ अँपिअर. आणि तुमचं एआरसी २०० तर सिंगल फेज मशीन, ते एकाच फेजवर लागणार! म्हणजे एवढा खर्च करून, एवढं वजन शेतावर नेऊन, वेल्डिंगला मिळाले ५ केव्हीएच. वर एकाच फेजवर सगळा लोड टाकला की बाकीच्या दोन फेजचं व्होल्टेज हलतं, त्यावर लावलेले बल्ब, चार्जर जातात. शिवाय एवढं मोठं डिझेल इंजिन सतत पाव लोडवर पळालं की सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं, कार्बन धरतो, इंजिन लवकर खराब होतं.

माझं मत स्पष्ट आहे, ७.५ केव्हीए, सिंगल फेज, एव्हीआरवाला (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा), आणि रोज चालवायचा असेल तर डिझेल, १५०० आरपीएमचा. ३००० आरपीएमवाला हलका आणि स्वस्त पडतो पण रोज तासन् तास तो टिकत नाही. १५ च हवा असेल, कारण पुढे मोठं मशीन घ्यायचंय, तर ऑर्डर देतानाच सिंगल फेज मागा, नाहीतर मशीनच थ्री फेजचं घ्या म्हणजे तिन्ही फेज कामाला येतील. जुनं तेलाचं ट्रान्सफॉर्मर मशीन मात्र जनरेटरवर लावूच नका, कितीही स्वस्त मिळालं तरी, त्याला याच कामाला कितीतरी जास्त केव्हीए लागतात.

एव्हीआर का म्हणतोय ते सांगतो. आर्क लागली की इंजिनचा आवाज दबतो, गव्हर्नर डिझेल वाढवतो, आणि तुम्ही रॉड उचलला की लोड एकदम शून्य, इंजिन क्षणभर उसळतं. त्या क्षणी साध्या कपॅसिटरवाल्या जनरेटरचं व्होल्टेज पार वर जाऊ शकतं. आयजीबीटी मशीनच्या आत जे मोठे कपॅसिटर असतात ते बऱ्याचदा ४०० व्होल्टचे असतात, आणि २३० एसी म्हणजे आत आधीच ३२५ डीसी झालेलं असतं, तेच २८० झालं की ४०० ला टेकलं. मग फट् आवाज, जळका वास, बोर्ड गेला. म्हणून इंजिन आधी पाचेक मिनिटं गरम होऊ द्यायचं, मग मशीनचं बटण चालू. बंद करताना उलटं, आधी मशीन, मग इंजिन. टाकी संपून इंजिन आचके देत बंद पडेपर्यंत वेल्डिंग चालू ठेवायचं नाही, ही सवय कामगारांना पहिल्या दिवसापासून लावा.

ग्राइंडरचा हिशोब पण धरा. चार इंची ग्राइंडर ७००-८५० वॅटचा असतो, तो एका बाजूला चालला तर ७.५ वर चालून जातं. पण १४ इंची कटऑफ मशीन २००० वॅटच्या वर, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतं, ते आणि १० नंबरचा रॉड एकाच वेळी नको. आम्ही आधी सगळं मटेरियल कापून घेतो, टाके मारतो, आणि मग सलग वेल्डिंग. डिझेल पण वाचतं, कारण फिटिंग करताना, गुण्या लावताना इंजिन रिकामं पळत असतं ते बंद ठेवता येतं.

जनरेटर शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दहा-पंधरा मीटर तरी लांब ठेवा. धूर आत आला तर माणूस जातो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड गॅसला वास नसतो, पावसात पत्र्याच्या बंद शेडमध्ये ‘थोडा वेळच’ म्हणून सुद्धा जनरेटर आत घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. ग्राइंडरची लोखंडी धूळ अल्टरनेटरच्या वायंडिंगमध्ये जाते तो त्रास पण यातून टळतो. लांबी वाढवायची ती जनरेटर ते मशीन या वायरची, ४ स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या, होल्डरची केबल छोटीच राहू द्या. कारण २३० मधले पाच-सात व्होल्ट गेले तर कळतही नाही, पण आर्कच असते २४ व्होल्टची, तिथे पाच गेले की रॉड चिकटायला लागतो. अर्थिंगचा क्लॅम्प जॉबवर, वेल्डच्या जवळ लावा, आणि जनरेटरच्या बॉडीला वेगळा अर्थिंग रॉड ठोका. आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) लावणार असाल तर जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलाय का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, नाहीतर तो ट्रिपच होणार नाही आणि तुम्ही त्याच्या भरवशावर राहाल.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) अल्टरनेटर लावूनही लोक वेल्डिंग करतात, कधीमधी शेतीची अवजारं दुरुस्त करायला ते चांगलंय, रोजच्या वर्कशॉपला नाही, ट्रॅक्टरचे तास वाया जातात.

घेताना, नवा असो की जुना, तुमचं मशीन आणि १० नंबरचे रॉड सोबत घेऊन जा. ११० वर लावून तीन रॉड एकामागून एक पूर्ण जाळा, आणि दुसऱ्या माणसाला मीटर धरून मशीनच्या प्लगपाशी व्होल्टेज बघायला उभं करा. आर्क चालू असताना २०५ च्या खाली जात असेल, किंवा रॉड उचलल्यावर २६० च्या वर उसळत असेल, तर तो जनरेटर तिथेच सोडून या.