बाह्य प्रक्रिया (म्हणजे पाणी, वारा, बर्फ वगैरे जमिनीचं रूप कसं बदलतात ते) नव्याने शिकताय? आधी हे वाचा

अरे, सगळ्यात आधी विदारण आणि झीज यातला घोळ मिटव, कारण नवीन लोक हमखास इथेच गंडतात. विदारण म्हणजे खडक जागच्या जागी फुटतो, सुटा होतो, आणि तो माल नदी, वारा, हिमनदी कुणीतरी उचलून नेलं की मग झीज. भेगेतलं पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, रोज थोडं थोडं पाचर मारल्यासारखं, आणि मग एक दिवस अख्खा तुकडा निखळतो.

व्याख्या पाठ करत बसू नकोस, सरळ नदीकाठी जा आणि दोन दगड हातात घे. गुळगुळीत असेल तो बहुतेक लांबून घरंगळत आलाय, कंगोरेवाला जवळचाच. दरीचा आकार पण बघ, व्ही असेल तर नदी, यू असेल तर हिमनदी (हे परीक्षेत फिक्स येतं बरं का).

वाऱ्याचं गणित सोपंय, वाळू जड असल्याने जमिनीलगतच उडते म्हणून भूछत्र खडक खालूनच पोखरला जातो. आणि अमेरिकेतलं ग्रँड कॅन्यन (नदीने कोरलेली खोल दरी) जवळजवळ १.६ किमी खोल आहे, पण ते नुसत्या पाण्याने नाही कापलं, पाण्यासोबतच्या वाळू-गोट्यांनी घासलंय, हे सगळे विसरतात.