वडापावच्या कढईतल्या तेलापासून बायोडिझेल करायला नॅनो उत्प्रेरकाचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण तुम्ही म्हणताय त्या कारणासाठी नाही. बी.एस्सी.च्या प्रकल्पात नॅनो कॅल्शियम ऑक्साइड वापरायचंय, कारण ‘उतारा जास्त मिळतो’, म्हणजे तेलातून बायोडिझेल जास्त निघतं, असं तुम्ही लिहिलंय. तेल आणि मिथेनॉल यांच्या अभिक्रियेतून बायोडिझेल आणि ग्लिसरीन बनतं, उत्प्रेरक ती वेगाने घडवतो. नॅनो म्हणजे त्याचे कण मीटरच्या अब्जांशात मोजावे इतके बारीक. तेल स्वच्छ असेल तर साधा कॉस्टिक सोडासुद्धा उतारा तासाभरात ९५ टक्क्यांच्या पुढे नेतो. तिथे नॅनोला जिंकायला जागाच नाही.

घोडं अडतं तेलापाशी. वड्यांमधलं पाणी तेलात उतरतं, तेल पुन्हा पुन्हा तापतं, रेणू तुटून मुक्त मेदाम्लं तयार होतात. त्यांना सोडा भेटला की साबण. एम.एस्सी.ला असताना मी पहिल्याच खेपेला टायट्रेशन न करता, म्हणजे तेलात आम्ल किती ते न मोजता, सोडा घातला आणि खाली ग्लिसरीन बसेल म्हणून रात्रभर वाट पाहिली. सकाळी सेपरेटिंग फनेलमध्ये (थर वेगळे करायच्या तोटीच्या भांड्यात) खरवसासारखा गोळा! तो बाहेर काढण्यात अर्धा दिवस गेला.

म्हणून आधी तेल फडक्यातून गाळा, बुडबुडे थांबेपर्यंत ११० अंशांवर तापवा आणि अ‍ॅसिड व्हॅल्यू (एक ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं तो आकडा) काढा. ती २ च्या वर असेल तर आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल वापरून मेदाम्लांचं एस्टर, म्हणजे बायोडिझेलच, करून घ्या. ‘नॅनो वापरलं की हे नको’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कॅल्शियमचाही साबण होतो.

मग नॅनोचा फायदा काय? उत्प्रेरक घन राहतो. सोडा मिथेनॉलमध्ये विरघळतो, म्हणून नंतर कोमट पाण्याने तीन-चार धुण्या द्याव्या लागतात आणि ते साबणाचं पाणी कुठे ओतायचं हा प्रश्न उरतो. घन उत्प्रेरक गाळून परत वापरता येतो. कण बारीक असले की पृष्ठभाग वाढतो, एरवी तेलाचे अवजड रेणू, मिथेनॉल आणि घन यांची गाठ पडायलाच वेळ लागतो. मात्र फार बारीक कण फिल्टर पेपरमधून निसटतात. म्हणून काही जण कॅल्शियम ऑक्साइड लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडवर बसवतात आणि शेवटी बाहेरून लोहचुंबक लावून ओढून घेतात. मला हा प्रकार फार आवडतो.

तुम्हाला स्वस्तात करायचं असेल तर अंड्याची टरफलं घ्या. आतला पापुद्रा काढून, धुऊन, वाळवून मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या भट्टीत) ९०० अंशांवर तीन तास भाजा. १०० ग्रॅममधून जेमतेम ५५ ग्रॅम उरेल, बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. हाती येतो तो आपला कळीचा चुनाच! तो उघडा ठेवलात तर हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होईल, डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. नुसतं भाजून तो नॅनो होतोच असं नाही. एक्सआरडीवरून, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तन चाचणीवरून, शेररच्या सूत्राने ४० नॅनोमीटर आकडा आला, की लोक अहवालात ‘नॅनोकण’ लिहून मोकळे होतात. पण तो आकार स्फटिकाचा असतो. कण त्या स्फटिकांचा मोठा गठ्ठा असू शकतो.

खरी परीक्षा पुढे आहे. अभिक्रिया अर्ध्यावर असताना उत्प्रेरक गरम असतानाच गाळून काढा आणि उरलेलं तसंच ढवळत ठेवा. रूपांतर चालूच राहिलं तर काम विरघळलेला कॅल्शियम करतोय, तुमचा घन उत्प्रेरक नाही. तोच कॅल्शियम बायोडिझेलमध्येही उतरतो, आणि युरोपीय मानकात कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ५ मिलिग्रॅम प्रति किलोच चालतं. प्रकल्पात हा प्रयोग घातलात तर परीक्षक नक्की थांबून वाचेल.

प्रमाण म्हणाल तर तेलाच्या एका मोलला (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) मिथेनॉलचे सहा मोल, म्हणजे लिटरभर तेलाला साधारण २५० मिली मिथेनॉल. चुन्याला याच्या दीडपट-दुप्पट लागतं. मिथेनॉल ६५ अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे उघडी ज्योत नको, वाफ थंड करून परत आणणारा कंडेन्सर हवाच. घरी अजिबात करू नका. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं ज्या दारूने गेली, तिच्यात हेच मिथेनॉल होतं.

‘माझ्या बाइकमध्ये चालेल का?’ नाही हो, ती पेट्रोलवर चालते.

आणि तेल वडापावच्या गाडीवरून मिळेल या भरवशावर राहू नका. गाडीवाला तेल क्वचितच टाकतो, त्यात नवीन ओतत जातो. मोठ्या फरसाणवाल्याकडे विचारा. ध्रुवीय संयुगं (तळून तळून तेल खराब होताना बनणारे पदार्थ) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल तळणीला वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे, आणि रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना त्याची नोंदही ठेवावी लागते. तिथे एका घाण्याचं पाच लिटर तेल एकदम मागून घ्या, म्हणजे सगळे प्रयोग एकाच नमुन्यावर होतील.