वाचकांचे प्रश्न : वाद्यवृंदासाठीची नवी रचना दाखवताना

प्रश्न : सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली माझी नऊ मिनिटांची रचना इतर संगीतकारांना अभिप्रायासाठी पाठवायची आहे. सोबत काय काय द्यावं?

उत्तर : स्कोअरची (सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीची) पीडीएफ आणि ध्वनिमुद्रण, दोन्ही एकाच आवृत्तीचं. दोन्ही फायलींच्या नावात तारीख घाला. स्कोअर सुधारला आणि ध्वनी जुनाच राहिला, तर तुम्ही कधीच काढून टाकलेल्या ओबोवर कोणीतरी परिच्छेदभर लिहील.

पहिल्या पानावर वाद्यांची यादी, कालावधी आणि स्कोअर ट्रान्सपोज केलेला (वादकाला लिहून दिलेले स्वर) आहे की कॉन्सर्ट पिचमध्ये (प्रत्यक्ष ऐकू येणारे स्वर), हे हवंच. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, एफ हॉर्न शुद्ध पंचमाइतका खाली. वाचणाऱ्याचा अंदाज चुकला की त्याला प्रत्येक कॉर्ड चुकलेला दिसतो. (कॉन्सर्ट पिचच्या स्कोअरमध्येही पिकोलो आणि डबल बेस एका सप्तकाच्या फरकानेच लिहायची पद्धत आहे.) बार क्रमांक द्या, रिहर्सलची अक्षरं (तालमीत जागा सांगण्यासाठीची ए, बी, सी) द्या आणि प्रत्येक अक्षरापाशी ध्वनिमुद्रणातली वेळ टाका.

प्रश्नही तुम्हीच विचारा, तीनपेक्षा जास्त नकोत. ‘कशी वाटली?’ याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘सी ते ई या भागात व्हिओलाची धून ट्रॉम्बोनखाली दबते का?’ असं विचारलंत तर उपयोगी पडेल असं काही हाती लागेल.

प्रश्न : संगणकावर माझं फ्लूटचं सोलो स्वच्छ ऐकू येतं. एका अनुभवी संगीतकाराचं म्हणणं, प्रत्यक्षात ते ऐकूच येणार नाही. कोणाचं खरं मानू?

उत्तर : सोलो मधल्या सी पासून वरच्या पहिल्या सप्तकात असेल, तर त्यांचं. सॅम्पल लायब्ररीतलं (संगणकाच्या ध्वनिसंग्रहातलं) प्रत्येक वाद्य जवळून मुद्रित केलेलं असतं आणि त्याचा आवाज तुम्ही स्लायडरने वाढवता. खऱ्या फ्लूटला तिथे तेवढी ताकदच नसते. चार हॉर्न आणि तंतुवाद्यांचा जाड कॉर्ड मध्यम आवाजातही तिला गिळतो. धून एक सप्तक वर न्या किंवा खालची साथ विरळ करा. फ्लूटसमोर नुसतं ‘एफ’ (फोर्टे, म्हणजे जोरात) लिहून काही साधत नाही.

ओबोचं याच्या उलट. त्याचे तळातले स्वर, बी फ्लॅटपासून साधारण डीपर्यंत, हळू आवाजात वाजवणं फार कठीण. संगणक तिथे मऊ ‘पीपी’ (अगदी हळू आवाज) देतो, वादकाकडून मात्र तो स्वर जाड आणि ठळक येतो. पितळी वाद्यांसाठी रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव यांनी दिलेलं प्रमाण आजही हाताशी ठेवावं : जोरात वाजवताना एका ट्रम्पेटच्या किंवा ट्रॉम्बोनच्या बरोबरीला दोन हॉर्न लागतात. एकच हॉर्न दोन ट्रम्पेटसमोर धून वाजवत असेल, तर ती धून केवळ कागदावर आहे.

संगणक लपवतो अशा आणखी जागा आहेत. त्याला श्वास लागत नाही. क्वार्टर ६० च्या (मिनिटाला ६० मात्रांच्या) लयीत ४/४ चे १२ बार म्हणजे ४८ सेकंद, एवढा सलग स्वर ट्यूबा एका दमात धरू शकत नाही. टेनर ट्रॉम्बोनचं सलग ग्लिसांडो (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) जास्तीत जास्त सहा अर्धस्वरांचं. पंचमाचं, म्हणजे सात अर्धस्वरांचं, लिहिलंत तर ते मध्ये तुटतं. हार्पला पेडल सात आणि एक पेडल त्या नावाच्या सगळ्या तारा एकदम बदलतं, म्हणून वेगवान क्रोमॅटिक (सलग अर्धस्वरांच्या) धावा तिच्यासाठी लिहू नयेत.

शंका उरली तर ते वाद्य वाजवणाऱ्याला फक्त तेवढं एक पान दाखवा. दहा संगीतकारांच्या मतांपेक्षा ते मोलाचं ठरतं.

प्रश्न : दुसऱ्याच्या रचनेवर अभिप्राय कसा लिहावा? स्पष्ट लिहिलं की लोक दुखावतात.

उत्तर : आधी स्कोअर न बघता सलग एकदा ऐका आणि लक्ष कुठे सुटलं ती वेळ टिपा. मग स्कोअर घेऊन त्या जागी कारण शोधा. लिहिताना बार, वाद्य, काय ऐकू आलं आणि तुमचा तर्क, याच क्रमाने : ‘बार ११२, दुसरा बासून (फुंकवाद्य), चेलोंच्या त्याच स्वरात मिसळून जातो, बहुधा दोघांचं रेजिस्टर (स्वरांचा पट्टा) एकच म्हणून.’ वाजवण्यातली अडचण आणि तुमची आवड वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा. ‘इथे मी असं लिहिलं असतं’ हे टाळाच. रचना त्यांची आहे.

नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची चार पायऱ्यांची पद्धत संगीतालाही लागू पडते : काय भिडलं ते सांगणं, रचनाकाराचे प्रश्न, मग अभिप्राय देणाऱ्यांचे मत न लादणारे प्रश्न आणि शेवटी, परवानगी घेऊन, मत. माणसं दुखावतात ती बहुतेक वेळा सुरुवातच चौथ्या पायरीवरून झाल्यामुळे.

प्रश्न : दोघांनी नेमके उलट सल्ले दिले तर?

उत्तर : दोघांनी बोट एकाच जागी ठेवलंय का, ते आधी बघा. ठेवलं असेल तर जागा कच्ची आहे. उपाय मात्र तुमचा तुम्ही शोधायचा. जर्मन संगीतकार ब्राम्सने १८७८ मध्ये आपल्या व्हायोलिन कंचेर्टोचा (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा) व्हायोलिनचा भाग व्हायोलिनवादक योआखिमकडे तपासायला पाठवला. योआखिमच्या काही सूचना त्याने घेतल्या, बऱ्याच घेतल्या नाहीत. बदल करण्याआधी जुनी आवृत्ती वेगळी जतन करा.

प्रश्न : वादकांना द्यायचे पार्ट (प्रत्येकाच्या वाद्यापुरती पानं) सॉफ्टवेअर आपोआप काढून देतं. तसेच छापले तर चालतील?

उत्तर : नाही. स्टाफची (स्वर लिहायच्या पाच ओळींची) उंची ७ मिमीपेक्षा कमी नको. पान उलटायची जागा विश्रांतीत येईल अशी मांडणी हाताने करा. लांब विश्रांतीनंतर दुसऱ्या वाद्याचा क्यू (कधी सुरू करायचं ते कळावं म्हणून त्याचे थोडे स्वर) लहान आकारात द्या आणि तोही त्या खुर्चीवरून खरोखर ऐकू येणाऱ्या वाद्याचा निवडा. रिकामे बार एकत्र करताना रिहर्सलच्या अक्षरापाशी ते तोडायला विसरू नका, नाहीतर ‘एफ अक्षरापासून’ म्हटल्यावर टिंपनी वाजवणाऱ्याला एफ सापडत नाही.