ओपन सोर्स प्रकल्पात एआयच्या मदतीने लिहिलेला पॅच (कोडमधला बदल) पाठवला तर ते सांगावं लागतं का? (फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतोय, पहिलाच पॅच आहे.)

आधी त्या प्रकल्पाचे योगदानाचे नियम वाच, कारण सगळीकडे एकच कायदा नाही. जेंटू या लिनक्सच्या आवृत्तीने एप्रिल २०२४ मध्ये एआयने लिहिलेल्या योगदानाला सरळ बंदी घातली. क्यूईएमयू (एका संगणकात दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) हा प्रकल्पही घेत नाही. कोडचा मूळ मालक कोण, लायसन्स कुठलं, हे छातीठोकपणे सांगता येत नाही म्हणून. फेडोरा या लिनक्सच्याच दुसऱ्या आवृत्तीने ऑक्टोबर २०२५ मध्ये परवानगी दिली, पण जबाबदारी पाठवणाऱ्याची.

चालत असेल तिथे कमिट मेसेजच्या (बदलासोबतच्या टिपणाच्या) शेवटी 'असिस्टेड-बाय' अशी ओळ टाकून टूलचं नाव लिहितात. लिनक्स कर्नलमध्येही (लिनक्सच्या गाभ्यातही) हीच पद्धत आहे. 'साइन्ड-ऑफ-बाय' (हा कोड द्यायचा हक्क मला आहे, अशी हमी देणारी ओळ) मात्र माणसाचीच हवी. ती सही आहे रे, टूल कुठून सही करणार? काही टूल्स 'को-ऑथर्ड-बाय' (सहलेखक) अशी ओळ आपणहून चिकटवतात, तेव्हा पाठवण्याआधी गिट लॉग (बदलांची नोंद) एकदा बघ.

नुसतं ऑटोकम्प्लीट वापरलंस किंवा इंग्रजी सुधारून घेतलंस तर बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. अख्खं फंक्शन घेतलंस तर सांग.

माझंच सांगतो. फोंड्यात पावसात वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली, घाईत टूलने दिलेला पॅच न वाचता पाठवला. मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) एवढंच विचारलं, "हे लॉक इथे का घेतलंस?" मला उत्तर येईना. पॅच मीच मागे घेतला. आता प्रत्येक ओळ का आहे ते स्वतःला सांगता आलं तरच पाठवतो.