उत्तर: गोराँवर लिहायचंय, पण सगळे गोदारकडेच पाठवतात

फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शक ज्याँ-पिएर गोराँवर तुम्हाला प्रबंध लिहायचाय, पण तुमच्या मार्गदर्शकांनी 'गोराँ म्हणजे गोदारचा सहाय्यक, त्यावर स्वतंत्र प्रबंध कसा होईल?' असं म्हटल्याचं वाचलं आणि राहवलं नाही. हेच मलाही ऐकवलं होतं. १९६८ नंतर नामवंत फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-ल्यूक गोदार आणि गोराँ यांनी मिळून चालवलेला, राजकीय चित्रपट करणारा झिगा व्हेर्तोव्ह गट, माओवाद वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते उगाळत नाही.

मी शिकत होतो तिथल्या समितीची अट होती: निम्मा प्रबंध गोदारवर हवा. का, तर त्यांच्या ग्रंथालयात 'तू व्हा बियाँ' (१९७२) हा चित्रपट एकट्या गोदारच्या नावावर! दिग्दर्शन दोघांचं. १९७१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गोदार जबर जखमी झाला, तेव्हा बराचसा भार गोराँनीच उचलला. हे सगळं लेखी दिलं, तरी अर्ज परत. गोदारच्या प्रकरणातच माझा वेळ संपला आणि ज्यासाठी विषय घेतला, ते गोराँ अमेरिकेत शिकवायला गेल्यावरचं सान डिएगोतलं काम शेवटी चार पानांत उरकावं लागलं. आजही चीड येते.

म्हणून माझं मत (मी आता अध्यापनात नाही, तुमच्या विद्यापीठाचे नियम तपासा): सुरुवातच 'पोटो अँड काबेंगो' (१९८०) या त्यांच्या माहितीपटापासून करा. ग्रेस आणि व्हर्जिनिया केनेडी या जुळ्या बहिणींनी स्वतःची भाषा शोधल्याचा वर्तमानपत्रांतून गवगवा झाला होता. तज्ज्ञांनी ऐकलं तर ती घरातल्या इंग्रजी-जर्मनची मोडतोड निघाली. त्यानंतरही गोराँ त्या घरी थांबतात. जर्मन बोलणारी आजी, आईबापांची ओढगस्त आणि त्यांच्या आशा दिसू लागतात. एकच शब्द मुली किती तऱ्हांनी उच्चारतात, हे ते पुन्हा पुन्हा ऐकवतात. निवेदन त्यांचंच, फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत. कुणाचं बोलणं शुद्ध हे कोण ठरवतं, हा प्रश्न राजकीय नाही तर काय? 'अमेरिकेत प्राध्यापक झाला आणि मवाळ झाला' हे मला मुळीच पटत नाही.

जाता जाता: त्याआधी 'लेटर टू जेन' (१९७२) बघा. अमेरिकी अभिनेत्री जेन फाँडाच्या व्हिएतनाममधल्या एका छायाचित्रावर गोदार आणि गोराँ हे दोन पुरुष जवळपास तासभर बोलतात, तिला बोलूच देत नाहीत. मग जुळ्यांचं ऐकत बसणारे गोराँ किती बदलले ते कळेल. गोराँचाच पुढचा 'रूटीन प्लेझर्स' (१९८६) घाईत बघू नका. खेळण्यातल्या रेल्वेत रमलेली माणसं आणि चित्रकार-समीक्षक मॅनी फार्बर यांची सांगड लागायला वेळ लागतो.

आणि शीर्षकातच 'सान डिएगोतले चित्रपट, १९८० ते १९९२' असं घाला. त्या चित्रपटांत गोदार नाहीच, त्यामुळे समितीला त्याचं प्रकरण मागता येणार नाही.