रेसिडेन्सी निवडताना नाव बघायचं की यादी?

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टर झाल्यानंतरच्या तज्ज्ञतेच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज केलेल्या डॉक्टर वाचकांच्या पत्रांमधून यावेळी चार प्रश्न घेतले आहेत. मुलाखती झाल्यावर मॅचसाठी (दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमांवरून संगणक जागा ठरवतो ती पद्धत) क्रमवारी लावताना अडलेल्यांचे ते आहेत.

प्रश्न: मला पुढे कार्डिऑलॉजी करायची आहे. इंटर्नल मेडिसिनसाठी एक नावाजलेलं विद्यापीठ आणि एक कम्युनिटी हॉस्पिटल असे दोन पर्याय समोर आहेत. दोन्हीकडे स्वतःची कार्डिऑलॉजी फेलोशिप, म्हणजे रेसिडेन्सीनंतरचं पुढचं प्रशिक्षण, आहे. डोळे मिटून विद्यापीठ वर ठेवू का?

डोळे उघडे ठेवूनही कदाचित तेच वर येईल, पण नुसत्या नावासाठी नको. आधी वेळेचं गणित बघा. इंटर्नल मेडिसिन तीन वर्षांचं असलं, तरी फेलोशिपचा अर्ज तिसरं वर्ष सुरू होताच, जुलैत जातो आणि निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो. म्हणजे स्वतःला सिद्ध करायला हातात दोनच वर्षं, आणि त्यातले पहिले काही महिने नवी यंत्रणा समजून घेण्यात जातात. म्हणून मुलाखतीत विचारा: कार्डिऑलॉजी वॉर्ड आणि सीसीयूचं (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाचं) रोटेशन कितव्या महिन्यात येतं? इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या पसंतीचं रोटेशन, पहिल्या वर्षात मिळतं का? शिफारसपत्रं कार्डिऑलॉजिस्टची लागतात. सीसीयू दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आलं, तर तुमचं काम जवळून पाहिलेला माणूस अर्जाच्या वेळी मिळणार कुठून?

मग मागायची ती यादी: मागच्या तीन बॅचचा प्रत्येक रेसिडेंट पुढे कुठे गेला? बहुतेक ठिकाणी ती संकेतस्थळावरच असते. नसली आणि मागूनही मिळाली नाही, तर तेही उत्तरच समजा. यादी वाचताना एक गोम लक्षात ठेवा. ‘आमचे सगळे कार्डिऑलॉजीत गेले’ असं म्हणतात तेव्हा अर्ज किती जणांनी केला होता ते विचारायचं. यादीत ‘हॉस्पिटलिस्ट’ (दाखल पेशंट सांभाळणारे हॉस्पिटलचे डॉक्टर) लिहिलेले काही जण आवडीने तिकडे गेलेले असतात, काहींना फेलोशिप मिळालेली नसते. हा फरक कागदावर दिसत नाही, तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट मात्र सांगतात. परदेशात शिकून व्हिसावर आलेल्यांपैकी कितींना कार्डिऑलॉजी मिळाली, हे वेगळं मोजा. तुमच्यासाठी खरा आकडा तोच.

घरची फेलोशिप असण्याचा फायदा आहे, कारण निवड करणारे तुम्हाला ओळखतात. पण वर्षाला जागा किती आणि त्यांतल्या स्वतःच्या रेसिडेंटना किती दिल्या, हे विचारल्याशिवाय त्या फायद्याला अर्थ नाही. कम्युनिटी हॉस्पिटल दर वर्षी आपल्यातल्या दोघांना घेत असेल आणि विद्यापीठ बाहेरचेच उमेदवार उचलत असेल, तर आम्ही कम्युनिटी वर ठेवू.

एक उलटी बाजूही आहे. जिथे फेलो भरपूर, तिथे सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं), इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं), अवघड पेशंटचा पहिला निर्णय हे सगळं बऱ्याचदा फेलोच्या हातात जातं. कार्डिऑलॉजीला जाणाऱ्याचं त्याने फार बिघडत नाही, कारण कॅथ लॅबचं, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीचं, काम फेलोशिपमध्येच शिकायचं असतं. पण ज्याला तीन वर्षांनी थेट छोट्या हॉस्पिटलात एकट्याने रात्र सांभाळायची आहे, त्याने फेलो नसलेलं, आयसीयू रेसिडेंटच चालवतात असं ठिकाण शोधावं. ध्येय बदललं की तीच गोष्ट गुणाची दोषाची होते. तज्ज्ञाची मान्यता देणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेत रेसिडेन्सी कार्यक्रमाचे किती टक्के रेसिडेंट उत्तीर्ण होतात, हे अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन तीन-तीन वर्षांचं मिळून जाहीर करतं. तेही बघून ठेवा.

प्रश्न: सर्जरीच करायची आहे. कॅटेगॉरिकल जागेसाठी बोलावणी कमी आली, प्रिलिमिनरीसाठी बरी आली. एक वर्ष प्रिलिम करून तिथेच पुढे सरकता येईल का?

काहींना येतं. पण त्या भरवशावर बेत आखू नका. कॅटेगॉरिकल जागा म्हणजे पाचही वर्षांची हमी, प्रिलिम म्हणजे एका वर्षाचा करार. दुसऱ्या वर्षाची जागा मिळते ती कुणी सोडून गेलं तरच, आणि ती केव्हा रिकामी होईल याचा काही नेम नसतो. प्रिलिमची क्रमवारी लावण्याआधी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांतले तुमचे प्रिलिम आज कुठे आहेत? उत्तर नावागावानिशी आलं तर बरं. ‘सगळे छान चाललेत’ एवढ्यावर भागवलं तर ती जागा खाली टाका. प्रिलिमला ऑपरेशन थिएटर किती मिळतं, की वर्षभर वॉर्ड आणि डिस्चार्जच, हेही त्यांच्याच तोंडून ऐका.

कॅटेगॉरिकल जागांची तुलना करताना केस लॉग, म्हणजे रेसिडेंटांनी केलेल्या शस्त्रक्रियांची नोंद, मागा. सर्जरीच्या बोर्डासाठी पाच वर्षांत किमान 850 मोठ्या शस्त्रक्रिया लागतात, त्यांतल्या 200 शेवटच्या वर्षात. त्यामुळे नुसती बेरीज सगळीकडे भरलेली दिसेल. खरा फरक वर्षावार आकड्यांत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने किती केल्या? काही ठिकाणी पहिली तीन वर्षं फक्त रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं साधन) धरण्यात जातात आणि सगळी भर शेवटी पडते.

अ‍ॅनेस्थेशिया, न्यूरॉलॉजी, रेडिऑलॉजी यांच्या अ‍ॅडव्हान्स्ड जागांसाठी अर्ज करणाऱ्यांना एक सूचना. या जागा दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. पहिल्या वर्षासाठी त्या प्रत्येक जागेला प्रिलिमची पुरवणी यादी जोडावी लागते. ती जोडायची राहिली, तर दुसरं वर्ष पक्कं आणि पहिलं अधांतरी अशी गत होते.

प्रश्न: एका कार्यक्रमाच्या प्रमुखांनी मुलाखतीनंतर ‘आम्ही तुम्हाला फार वर ठेवणार आहोत’ असं कळवलं. मला मनापासून दुसरीकडे जायचंय, पण तिथे संधी कमी वाटते. खात्रीचं ठिकाण पहिलं ठेवावं का?

नाही. ज्याची सर्वाधिक इच्छा तेच पहिलं. हे भाबडं वाटेल, पण मॅचची पद्धतच तशी आहे. 1998 पासून वापरात असलेली ही पद्धत उमेदवाराच्या बाजूने सुरू होते. संगणक तुमच्या पहिल्या पसंतीपासून चालतो.

समजा, तुमची यादी क, ख, ग अशी आहे. आधी क कडे विचारणा जाते. त्यांच्या जागा तुमच्यापेक्षा वरच्या उमेदवारांनी भरल्या असतील, तर तुम्ही ख कडे वळता. ख ने तोवर दुसऱ्या कुणाला तात्पुरतं धरलेलं असलं आणि त्यांच्या यादीत तुम्ही त्याच्या वर असलात, तर त्याला बाजूला करून जागा तुम्हाला मिळते. क ला पहिलं ठेवल्याने ख कडची तुमची संधी तसूभरही कमी होत नाही. ख पहिलं ठेवलंत आणि तिथे जागा मिळाली, तर मात्र क चा विचारच होणार नाही, मग त्यांना तुम्ही कितीही हवे असा. या पद्धतीमागचे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅल्विन रॉथ यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तरी दर वर्षी उमेदवार तिच्यावर मात करायला जातात आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतात.

‘वर ठेवणार आहोत’ या शब्दांना बंधन नसतं. बंधन असतं ते निकालाला. म्हणून जिथे खरोखर जाणार नाही, ते ठिकाण यादीत घालूच नका. जिथे नाखुशीने का होईना जाल, ते सगळं घाला. नोंदणीच्या मूळ शुल्कात वीस कार्यक्रमांची क्रमवारी बसते, काटकसर करायचं कारण नाही.

प्रश्न: जे-वन व्हिसा देणारे कार्यक्रम घ्यावेत की एच-वन-बी देणारे?

पुढे किती वर्षं शिकायचंय ते मोजा. जे-वन या प्रशिक्षणाच्या व्हिसावर साधारण सात वर्षांपर्यंत शिकता येतं, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची मर्यादा सहा वर्षांची. मेडिसिनची तीन, कार्डिऑलॉजीची तीन आणि इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजीचं एक मिळून होतात सात. तिथे जे-वनच बसतो. फॅमिली मेडिसिन तीन वर्षांत संपतं, तिथे एच-वन-बी सोयीचा.

जे-वनची किंमत नंतर मोजावी लागते. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. ती टाळायची, तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करून सूट मिळवायची हा रुळलेला मार्ग. प्रत्येक राज्याकडे अशा सवलतीच्या वर्षाला तीसच जागा असतात. एच-वन-बीसाठी रेसिडेन्सी सुरू होण्याआधी स्टेप थ्री (डॉक्टरांच्या परवाना परीक्षेचा शेवटचा टप्पा) उत्तीर्ण व्हावं लागतं, आणि काही कार्यक्रम क्रमवारी लावण्याआधीच निकाल मागतात. शिवाय सप्टेंबर 2025 च्या आदेशाने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लादलं. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका, चालू वर्षाचं व्हिसा धोरण कार्यक्रमाकडून ईमेलवर लेखी घ्या.

जाता जाता, कामाच्या तासांविषयी. याबद्दल तिघांनी विचारलंय. नियम सगळीकडे एकच: चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला 80 तास. यातला ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा. 95, 90, 75 आणि 60 तासांचे चार आठवडे नियमात चोख बसतात. ‘तास पाळता का?’ या प्रश्नाला ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर येत नाही. त्याऐवजी रेसिडेंटांना विचारा की त्यांच्या वाट्याच्या पेशंटांची मर्यादा भरल्यानंतर येणारा पुढचा पेशंट कोण घेतो. ‘रात्रीची वेगळी टीम’ किंवा ‘हॉस्पिटलिस्ट’ असं चटकन उत्तर आलं, तर व्यवस्था जागेवर आहे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर तो पेशंट तुमच्याकडेच येणार.